बियाण्याच्या पाकिटापासून ॲपपर्यंत

उन्हाळी मिरचीची लागवड जवळ आली की धावड्याच्या पट्ट्यातल्या कृषी सेवा केंद्रांत एकच प्रश्न नाना तऱ्हांनी विचारला जातो : औंदा कोणतं वाण घ्यावं? विचारणाऱ्याचं पाकिटावरच्या फोटोकडे फारसं लक्ष नसतं. फोटोतली मिरची सगळ्याच कंपन्यांची तुकतुकीत असते. त्याला हवी असलेली माहिती निराळी असते. मागच्या साली शेजारच्या प्लॉटवर कोकडा आला तेव्हा हे वाण किती टिकलं? पहिला तोडा किती दिवसांत निघतो? माल दूरच्या बाजारात पोचेपर्यंत ताजा राहतो, की व्यापारी काट्यापाशीच हात मागे घेतो? देठ सहज सुटतो का? तोडणीची मजुरी किलोवर ठरते. त्यामुळे फळ बारीक असेल तर बायका त्या शेतात यायला नाखूश असतात, आणि ही गोष्ट कोणत्याच पाकिटावर छापलेली नसते.

पाकीट छापायला जाण्याआधी हे सगळं ज्याला माहीत असावं लागतं, असा एक माणूस बियाणे कंपनीत असतो. पैदासकार वाण तयार करतो, उत्पादन विभाग बी पिकवून घेतो, विक्रीची माणसं ते गावोगाव पोचवतात. पण कोणतं वाण बाजारात आणायचं, कुणासाठी, कोणत्या भावात, किती, आणि कोणतं गुपचूप बंद करायचं, याचा हिशेब या माणसाच्या माथी असतो. त्याचं पद प्रॉडक्ट मॅनेजर.

भोकरदन तालुक्यात, बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेजवळच्या धावड्यासारख्या गावात इंजिनिअरिंग किंवा बी.एस्सी. ॲग्री करणाऱ्या मुलामुलींना हे पद हल्ली ऐकून माहीत असतं, पण ते पुण्या-बंगळुरूच्या काचेच्या इमारतींतलं वाटतं. खरं तर हे काम त्यांच्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, जालन्यात, साठ वर्षांपासून चालू आहे. म्हणून या क्षेत्रात शिरायचं कसं, हे सांगताना मी सुरुवात जालन्यापासून करणार आहे. या कामातली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे वापरणाऱ्याची जवळून ओळख. ती धावड्याच्या मुलाकडे आधीपासून आहे. कमी आहे ती त्या ओळखीचा उपयोग करण्याची शिस्त, आणि ती शिकता येते, असं माझं ठाम मत आहे.

बद्रीनारायण बारवाले यांचा जन्म १९३० सालचा, हिंगोलीचा. कर्मभूमी जालना. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा सावनी’ ही भेंडी त्यांनी आणली, तिचं बी वाढवलं आणि विकलं. १९६४ मध्ये त्यांनी महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी म्हणजे महिको काढली. आज बियाणं विकत आणणं हे इतकं अंगवळणी पडलं आहे की त्या काळची अडचण लक्षात येत नाही. घरचं बी कणगीत फुकट होतं. मग पैसे मोजून दुसऱ्याचं का घ्यावं? भेंडीपुरतं उत्तर शेतात दिसत होतं. पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला पुसा सावनी त्या काळी बऱ्यापैकी दाद देत नव्हती. शेतकऱ्याचं दुखणं आधी, वस्तू नंतर, हा क्रम बारवाल्यांनी पाळला. बी पिकवून घेण्यासाठी त्यांनी लहान लहान शेतकऱ्यांनाच हाताशी धरलं. पुढे त्यातून जालना, देऊळगाव राजा, जाफराबाद, भोकरदन या पट्ट्यात बीजोत्पादनाचं मोठं कसब तयार झालं. शेडनेटमध्ये फुलाफुलाला हाताने परागीकरण करणाऱ्या बायका या भागात कुणालाही नवलाच्या नाहीत. १९९८ मध्ये बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि २००१ मध्ये पद्मभूषण. २०१७ मध्ये ते गेले. त्यांच्या बिझनेस कार्डावर प्रॉडक्ट मॅनेजर कधी नसेल, पण काम तेच होतं.

आता हे पद आलं कुठून, ते थोडक्यात. १३ मे १९३१ रोजी अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकेलरॉय या तरुणाने वरिष्ठांना तीन पानी टिपण लिहिलं. तो कॅमे साबणाचं काम पाहत होता आणि कंपनीच्याच आयव्हरी साबणाच्या सावलीत कॅमे मागे पडत होता. त्याचं म्हणणं असं : प्रत्येक साबणामागे त्याची पूर्ण जबाबदारी घेणारा एक माणूस हवा. कोणत्या भागात माल खपत नाही ते त्याने आकड्यांत शोधावं, मग तिथे प्रत्यक्ष जावं, दुकानदारांशी बोलावं, कारण शोधावं, उपाय ठरवावा आणि निकालही मोजावा. मॅकेलरॉय पुढे त्या कंपनीचा अध्यक्ष झाला, १९५७ मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्रीही झाला. त्याच कंपनीत काम केलेल्या स्कॉट कुकने १९८३ मध्ये इंट्युइट ही सॉफ्टवेअर कंपनी काढली. तिथली माणसं दुकानातून सॉफ्टवेअर घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या परवानगीने त्याच्या घरी जायची आणि तो पाकीट फोडून कुठे अडखळतो, हे बाजूला बसून बघायची. २००२ मध्ये गूगलने नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलांना असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून घ्यायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून या पदाला कॉलेजांत वलय आलं.

वलयामुळे काम झाकलं जातं. बहुतेक प्रॉडक्ट मॅनेजरच्या हाताखाली कुणीच नसतं. इंजिनिअर, डिझायनर, विक्रीवाले, सगळे दुसऱ्या साहेबांचे. त्यांच्याकडून काम करून घ्यायचं ते पटवून. आणि पटवायचं कशाच्या जोरावर? जे त्यांनी पाहिलेलं नाही ते आपण पाहून आलो आहोत, याच जोरावर.

हे न पाहिल्याने काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच कपाशीच्या शेतात आहे. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांची बोलगार्ड-२ आली. बोंडअळीला बीटी कपाशीतल्या विषाची सवय होऊ नये म्हणून शास्त्रज्ञांनी एक तोड काढली होती. बीटी कपाशीच्या भोवती साध्या कपाशीच्या काही ओळी लावायच्या. त्या ओळींवर साध्या अळ्या जगतील, त्यांची पाखरं चिवट अळ्यांच्या पाखरांशी मिलन करतील आणि चिवटपणा पातळ होत राहील. शास्त्र पक्कं होतं. म्हणून ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम साधं बियाणं वेगळ्या पुडीत दिलं जाई.

ती पुडी कुठे गेली, ते मराठवाड्यातल्या कुठल्याही कपाशीवाल्याला विचारा. बहुतेक ठिकाणी बांधावर पडली किंवा घराच्या कोनाड्यात राहिली. शेतकऱ्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर यात काही विपरीत नव्हतं. माझ्या शेताच्या कडेला मी मुद्दाम अळी खाईल अशी कपाशी लावायची, तिला खत-पाणी-निंदणी करायची, आणि फायदा काय तर पाच-दहा वर्षांनी सगळ्यांच्या कपाशीला. शेजारी लावणार नसेल तर माझ्या लावण्याचा उपयोग किती? घरात एक-दोन एकर कपाशी असलेल्या माणसाने हा हिशेब करून पुडी बाजूला ठेवली. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातली कपाशी पोखरली. त्यामागे कारणं अनेक होती : लांबवलेला हंगाम, शेतात उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्या, बेकायदा बियाणं. पण न लावलेल्या पुडीचाही त्यात वाटा होता. नंतर उपाय झाला तो असा, की साधं बी वेगळं न देता पाकिटातच पाच ते दहा टक्के मिसळायचं आणि पाकीट ४७५ ग्रॅमचं करायचं. शेतकऱ्याने वेगळं काहीच करायचं नाही. पेरलं की आपोआप मिसळून पेरलं जातं.

प्रॉडक्ट मॅनेजमेंट शिकवणाऱ्या कुठल्याही वर्गात हे उदाहरण पहिल्या दिवशी मांडलं पाहिजे, असं मला वाटतं. शास्त्र बरोबर, कायदा बरोबर, पाकिटावरची सूचना बरोबर, आणि तरीही वस्तू फसली. कारण वापरणाऱ्याकडून जी कृती हवी होती ती त्याच्या हिताची आणि सवयीची नव्हती. हे सुचायला पीएच.डी. लागत नाही. पेरणीच्या दिवशी शेतात उभा असलेला कुणीही ती पुडी कुठे जाते ते पाहू शकला असता. पाहिलेलं कंपनीच्या बैठकीत ठामपणे सांगणारा आणि उपायाचा पाठपुरावा करणारा माणूस मात्र लागतो.

बियाण्यातल्या प्रॉडक्ट मॅनेजरचं वर्षभराचं काम याच जातीचं असतं. मिरचीचं नवं संकरित वाण आधी कंपनीच्या फार्मवर, मग वेगवेगळ्या जिल्ह्यांत, मग शेतकऱ्यांच्या प्लॉटवर तपासलं जातं. हिरवी विकायची मिरची आणि वाळवून लाल विकायची मिरची, यांची गिऱ्हाइकं वेगळी. भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारामुळे हिरव्या मिरचीला ओढ आहे, तर गुंटूरकडे लाल मिरचीला. एकच वाण दोन्हीकडे खपवू, असा हट्ट महागात पडतो. त्यात बी आदल्या वर्षीच पिकवून ठेवावं लागतं, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात मागणी किती येईल याचा अंदाज एक वर्ष आधी बांधायचा. कमी पडलं तर दुकानदार दुसऱ्या कंपनीकडे वळतो. जास्त झालं तर अडचण वाढते, कारण लेबलवरची मुदत पहिल्या तपासणीपासून नऊ महिन्यांची असते, आणि मिरचीच्या बियाण्याची उगवण किमान ६० टक्के भरलीच पाहिजे. एका चुकीच्या अंदाजाने वर्षाची कमाई गोदामात पडून राहते.

सॉफ्टवेअरमध्ये गोदाम नाही, पण प्रश्न तेच. राज्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या हातात आलेलं एक सॉफ्टवेअर प्रॉडक्ट म्हणजे ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून सातबाऱ्यावर पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची सोय आली. गट क्रमांक निवडायचा, पीक, क्षेत्र, लागवडीची तारीख, पाण्याचं साधन भरायचं, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. ज्याला प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचं आहे त्याने हे ॲप अभ्यासाला घ्यावं. पुस्तकातलं उदाहरण लागणारच नाही. सुरुवातीला एका मोबाइलवरून २० खातेदारांची नोंद करता येत होती, पुढच्या आवृत्तीत ती ५० झाली. हा बदल वरकरणी एका आकड्याचा आहे. त्यामागे गावाचं खरं चित्र आहे : आजोबांच्या नावावर जमीन, फोन नातवाचा, आणि त्या एका नातवाच्या मागे सगळी भावकी. चुकलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची मुभाही अशीच, चूक होणार हे गृहीत धरून दिलेली.

आता धावड्यातल्या मुलीने किंवा मुलाने हंगामात घरच्या-शेजारच्यांची पीक पाहणी करून देताना वही जवळ ठेवावी. माणूस कुठे थांबला? गट सापडला नाही, ओटीपी आला नाही, फोटो घेताना रेंज गेली, मिरचीत आंतरपीक असल्याने काय निवडावं कळलं नाही? मुदतीच्या शेवटच्या दिवसांतच सगळे का येतात? नोंद राहिली तर पुढे हमीभावाच्या खरेदीला कुणाचं काय अडलं? अशा नोंदी जमल्या की त्यातली एकच अडचण निवडावी, ती का निवडली ते लिहावं, उपाय सुचवावा आणि उपाय लागू पडला हे कशावरून ओळखायचं तेही लिहावं. दोन पानं पुरेत. मी कुठल्याही मुलाखतीत अशी दोन पानं दहा प्रमाणपत्रांच्या वर ठेवीन.

विचारण्याची पद्धत मात्र शिकावी लागते. गावात जाऊन ‘काका, मिरचीचे भाव सांगणारं ॲप काढलं तर वापराल का?’ असं विचारलं, तर काका म्हणणार, ‘काढ की लेका, चांगलंच आहे.’ ते आपल्या पोराचं मन मोडत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. त्यापेक्षा असं विचारावं : ‘काका, मागच्या तोड्याला भाव कसा कळला तुम्हाला?’ मग कळतं की सकाळी मेव्हण्याला फोन केला होता, तो बाजारात हमाली करतो. भाव कळूनही माल घरच्या बाजारातच घातला, कारण जागा तिथल्याच व्यापाऱ्याच्या गाडीत होती आणि उचलही त्याचीच घेतलेली. म्हणजे अडचण भाव कळण्याची नव्हतीच, उचलीची होती. रॉब फिट्झपॅट्रिक यांच्या ‘द मॉम टेस्ट’ या छोट्या पुस्तकाचा विषय हाच आहे : पुढे काय कराल ते न विचारता मागे काय केलं ते विचारा. इंग्रजी सोपं आहे, जरूर वाचावं.

दारं कोणती? शेतीकडून येणाऱ्यांसाठी वाट सरळ आहे. बदनापूरला कृषी महाविद्यालय आहे. पदवीनंतर बियाणे, खत किंवा औषधांच्या कंपनीत फील्डवरची नोकरी, तिथून प्रॉडक्ट डेव्हलपमेंट म्हणजे चाचणी प्लॉटचं काम, आणि मग प्रॉडक्ट मॅनेजर. मध्ये हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेतून कृषी व्यवसाय व्यवस्थापन करणारेही असतात. फील्डवरची वर्षं वाया गेली असं पुष्कळांना वाटतं. मला ती या वाटेतली सगळ्यात कसदार वर्षं वाटतात.

सॉफ्टवेअरकडून येणाऱ्याने पहिल्याच नोकरीत हे पद मिळेल अशी आशा धरू नये. थेट पदवीनंतर घेणाऱ्या कंपन्या थोड्या आणि त्यांच्या रांगा लांब. आत शिरायची खरी दारं शेजारची आहेत : टेस्टिंग, कस्टमर सपोर्ट, बिझनेस ॲनालिस्ट, किंवा इंजिनिअर म्हणूनच. सपोर्टला लोक कमी लेखतात, आणि ते चूक आहे. साताऱ्याकडचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि पुढे कॉम्प्युटर दुरुस्त करत. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडू लागले. कॉम्प्युटर शिकणारे त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहिले. दुरुस्तीच्या टेबलावर वारंवार आलेल्या त्याच तक्रारीतून क्विक हील उभी राहिली, आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. गिऱ्हाईक रोज कशासाठी रडतं हे ज्याच्या कानावर आदळतं, त्याच्याकडे कच्चा माल सगळ्यात जास्त असतो. सपोर्टमध्ये असलेल्याने तक्रारी नुसत्या निस्तरू नयेत, मोजाव्यात : कोणती तक्रार किती वेळा, कोणत्या गिऱ्हाइकाची, आणि ती सुटली तर काय वाचेल. महिन्याला एक पान प्रॉडक्ट टीमकडे पाठवणारा माणूस त्या टीमच्या नजरेत आल्याशिवाय राहत नाही.

स्वतःचं छोटं काही बनवणं ही आणखी एक वाट. सचिन टेके यांनी २०१० मध्ये एम-इंडिकेटर काढलं. मुंबईच्या लोकलचं वेळापत्रक फोनमध्ये, तेही नेट नसताना चालणारं. फलाटावर उभ्या माणसाकडे त्या काळी नेट नसायचं, पण पुढची गाडी किती वाजता हे त्याला तिथेच हवं होतं. शेतकऱ्यांसाठी काम करणाऱ्या पुण्याच्या ॲग्रोस्टारनेही सुरुवातीला मिस्ड कॉलवर भर दिला, कारण तो साध्या फोनवरूनही देता येतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. दोन्हीकडे तंत्र साधं होतं आणि परिस्थितीचं वाचन बिनचूक होतं.

कौशल्यांबद्दल थोडंच सांगतो, कारण ती सगळीकडे लिहिलेली सापडतात. एक्सेल पक्कं हवं. डेटाबेसला प्रश्न विचारायची एसक्यूएल महिना-दोन महिन्यांत कामापुरती येते. स्क्रीन कशी दिसेल हे फिग्मामध्ये काढता यावं. कोड लिहिता आला नाही तरी चालेल, पण इंजिनिअर ‘हे दोन दिवसांचं काम आहे आणि हे दोन महिन्यांचं’ असं म्हणतो तेव्हा ते का, हे समजायला हवं. लाखा-लाखाचे कोर्स विकले जातात. आईवडिलांनी मिरचीच्या हंगामाचा पैसा त्यात घालण्याआधी वर सांगितलेली दोन पानं लिहून पाहावीत. ती लिहिताना मजा आली नाही तर कोर्सनेही येणार नाही. आली तर कोर्सची गरज बरीच कमी झालेली असेल.

इंग्रजीचा प्रश्न टाळून चालणार नाही. बैठका इंग्रजीत होतात, टिपणं इंग्रजीत लिहावी लागतात, आणि मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं तिथे गप्प बसतात हे मी पाहिलं आहे आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. यावर बोलण्याआधी लिहिणं हा उपाय चालतो. विचार मराठीत पूर्ण करावा, मग साध्या छोट्या वाक्यांत इंग्रजीत उतरवावा आणि बैठकीच्या आदल्या दिवशी सगळ्यांना पाठवावा. मॅकेलरॉयनेही बोलून नाही, लिहूनच पटवलं होतं. शिवाय मराठी गिऱ्हाइकाशी त्याच्या बोलीत बोलून नेमकं दुखणं काढून आणणं हे काम टीममध्ये फार थोड्यांना जमतं. मुलाखतीत ते लपवू नये, पुढे करावं.

आणि शेवटी, या कामात असलेल्या माणसांना भेटायला पुण्याला जायची गरज नाही. बियाणे कंपन्या पीक उभं असताना प्रात्यक्षिक प्लॉटवर शेतदिन घेतात. जालन्याजवळ खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मासिक चर्चासत्रालाही शेतकरी, शास्त्रज्ञ आणि कंपन्यांची माणसं एकत्र येतात. अशा ठिकाणी गर्दी ओसरल्यावर प्रॉडक्टचं काम बघणाऱ्याला गाठावं आणि विचारावं, ‘साहेब, गेल्या दोन वर्षांत तुम्ही कोणतं वाण सोडून दिलं, आणि का?’ यशाच्या गोष्टी पत्रकात छापलेल्या असतात. याचं उत्तर मात्र तो प्लॉटच्या ओळींमधून चालत, रोपाला हात लावून लावून देईल. वही-पेन सोबत असू द्यावं, आणि परतीची गाडी उशिराची धरावी.